दादा, ओजसला वजनकाट्यावर उभं करू नकोस

पिट्सबर्ग
१८ जानेवारी

ती. दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुझं पार्सल काल मिळालं. लाडवांचे तुकडे झालेत, पण गुळाच्या वड्या जशाच्या तशा आल्या. बाहेर उणे अकरा होतं आणि ऑफिसात डबा उघडल्याबरोबर वेलची-तिळाचा वास सुटला. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनाही दिल्या. गोड बोला म्हणण्याचा सण झाला आणि मी मात्र आज थोडं कडू लिहिणार आहे. रागावू नका.

रविवारी व्हिडिओ कॉलवर दादा, तू लेकाबद्दल म्हणालास, "हा हत्ती झालाय, तुझ्याकडे पाठवतो, बर्फात पळव त्याला." ओजस तुझ्या मागेच उभा होता. तुला दिसला नाही, मला दिसला. बाटलीत पाणी भरता भरता तो थांबला, बाटली अर्धीच राहिली, आणि तो आत निघून गेला. तेव्हापासून ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. फोनवर बोलले असते तर तू मधेच तोडलं असतंस, म्हणून लिहिते.

मुलुंड स्टेशनवरचं वजनाचं यंत्र आठवतं तुला? लाल-पिवळे दिवे, आत गरगर फिरणारी चकती. नाणं टाकलं की खटकन जाड तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि भविष्य, दुसऱ्या बाजूला नटाचा फोटो. मी बारावीत होते तेव्हापासून बाबा दर शनिवारी मला त्यावर उभं करायचे आणि रात्री जेवताना ते तिकीट आईला मोठ्याने वाचून दाखवायचे. "चौसष्ट." पुढच्या शनिवारी, "पासष्ट." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पोरीची काळजीच होती. पण पुढचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही. मग मी कॉलेजात डबा मैत्रिणींना वाटून टाकायला लागले. दीड महिन्यात आठ किलो उतरले. बाबा खूश होते. आणि एका संध्याकाळी दादरच्या पुलावर, गर्दीत, मला चक्कर आली. तूच आला होतास न्यायला. लिंबू सरबत पाजलंस, गाडीत खिडकीजवळ जागा मिळवून दिलीस आणि घरी एका शब्दाने बोलला नाहीस. सहा महिन्यांत ते आठ किलो परत आले, वर आणखी तीन. ते तुला माहीत नसेल, कारण त्यानंतर मी त्या यंत्राकडे फिरकलेच नाही.

मी आज जे काम करते, कॉलेजच्या मुलांना खाण्याच्या सवयी बदलायला मदत करण्याचं, त्याची सुरुवात त्या पुलावर झाली.

इथे माझ्याकडे येतात ती सगळी ओजसच्याच वयाची, अठरा ते बावीसची मुलं. पहिल्यांदा घर सोडलेलं असतं. इथल्या मेसमध्ये दारात एकदा कार्ड दाखवलं की आत हवं तितकं खा. कॉलेजच्या पहिल्या वर्षी पंधरा पौंड वाढतात अशी इथे म्हणच आहे, म्हणजे जवळजवळ सात किलो. प्रत्यक्षात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर सरासरी वाढ एक-दीड किलोच्या आसपास निघते. म्हणजे एका वर्षात सहसा कोणी फुगत नाही. पण त्या वर्षी लागलेल्या सवयी पुढे चालू राहतात, आणि वजन त्यांच्या मागोमाग वर्षानुवर्षं चढत जातं.

नवीन होते तेव्हा मी मुलांना छापील आहाराचा तक्ता द्यायचे. सकाळी हे, दुपारी ते, एवढे ग्रॅम. मुलं तो नीट घडी घालून खिशात ठेवायची आणि पुन्हा यायची नाहीत. मला वाटायचं, यांच्यात जिद्द नाही. चूक माझी होती. काय खायचं हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. मी विचारायला हवं होतं ते वेगळंच: कधी खातोस, कुठे, कोणाबरोबर, आणि त्याच्या पाच मिनिटं आधी काय चाललेलं असतं?

एका मुलाची गोष्ट सांगते. मेकॅनिकलचा, अबोल, हॉस्टेलवर राहणारा. रात्री चिप्स खाणं सुटत नाही म्हणून स्वतःवर चिडलेला. आठवडाभर त्याने फक्त लिहून काढलं. तेव्हा दिसलं की तो चिप्स खायचा ते रात्री अकरानंतर, कपडे धुवायला तळघरात उतरला की. वॉशिंग मशीनच्या शेजारीच चिप्सचं मशीन. चाळीस मिनिटं दुसरं करायला काही नाही, खिशात फोन, फोनवरून पैसे भरता येतात. इतर रात्री त्याला चिप्स आठवायचेही नाहीत. आम्ही चिप्सबद्दल एक अक्षर बोललो नाही. कपडे धुण्याची वेळ शनिवार दुपारची केली आणि फोन खोलीतच ठेवायचा असं त्याने स्वतः ठरवलं. वजनाला हात घालायच्या आधी त्याचा स्वतःवरचा राग गेला. पुढे अशाच आणखी तीन-चार जागा त्याने शोधल्या आणि सात महिन्यांत सहा किलो कमी झाले. दीड वर्ष झालं, ते परत आलेले नाहीत.

वहिनी, तू विचारलंस की एवढ्याने काय होतं. होतं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. आमचं पिट्सबर्गचं केंद्रही त्यात होतं. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी, आणि एका गटाला सवयी बदलायला मदत. ध्येय साधं: वजन ७ टक्क्यांनी कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याइतका व्यायाम. गोळीने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, सवयी बदलून ५८ टक्क्यांनी. ते लोक ओजसपेक्षा खूप मोठे होते हे खरं. पण आपल्याकडे चेन्नईतही तसाच अभ्यास झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला, आणि तिथेही सवयी बदलून धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला.

आणि दादा, "आपलं हाडपेरच मोठं" हे आता सोड. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याने २००४ साली स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं वरून बारीक दिसली तरी आतून तशी नसतात. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये म्हणतात. ओजसची १०२ आहे. बाबांना बावन्नाव्या वर्षी साखर निघाली. तेव्हा काळजी तुझी रास्त आहे. मला फक्त ती बोलून दाखवण्याची रीत बदलायला हवी आहे.

पुढचं त्याच्या परवानगीने लिहितेय. गेला आठवडाभर तो मला वहीच्या पानाचे फोटो पाठवतोय. वजन नाही, फक्त वेळ, जागा, काय खाल्लं आणि तेव्हा कसं वाटत होतं. त्याला वाटत होतं आपण दिवसभर खा-खा करतो. वही काय म्हणते बघा. सकाळी सातला चहा-बिस्किट आणि स्लो लोकल. दीडला डबा, तोही पूर्ण. मग चार तास काही नाही. पावणेसहाला माटुंग्याला पूल उतरला की गाडीवर तेल तापलेलं, लसणाच्या चटणीचा वास, आणि चौघं मित्र आधीच थांबलेले. दोन वडापाव आणि एक कोल्ड्रिंक. त्याच्या अक्षरात पुढे लिहिलंय: "भूक आणि मजा." मग रात्री घरचं जेवण, आणि पावणेबाराला अभ्यास करताना फरसाण. तिथे लिहिलंय: "भूक नव्हती. झोप येत होती." झोपला दोनला.

म्हणजे अडचण दिवसभराची नाही, दोनच वेळांची आहे. हे कळल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला.

वडापाव बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या गाडीपाशी त्याचे मित्र आहेत, आणि मित्रांपासून तोडलेला मुलगा घरी येऊन दुप्पट खातो, हे मी इथे किती वेळा पाहिलंय. त्यानेच ठरवलंय: प्रॅक्टिकल संपून जर्नल बॅगेत टाकलं की फुटाणे-शेंगदाण्यांची डबी काढायची, जमलं तर एक केळं. भूक भागलेली असली की गाडीवर एक वडापाव पुरतो, आणि कोल्ड्रिंकऐवजी पाणी. एका वडापावाचे तीनेकशे कॅलरी धरा. ३०० मिलीच्या बाटलीत साखर ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा-सात चमचे. "अमुक झालं की तमुक करायचं" असा नेमका क्षण बांधून घेतला तर संकल्प पुष्कळ अधिक पाळला जातो, हे पीटर गोल्वित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. "आजपासून कमी खाईन" याला धरायला कडाच नसते. जर्नल बॅगेत टाकण्याला असते.

रात्रीचं फरसाण हा खरं तर झोपेचा प्रश्न आहे. शिकागोला २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ खावंसं वाटायला लागलं. वहिनी, तू मायेने त्याच्या टेबलावर फरसाणाचा डबा ठेवतेस. तो स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेव. कुलूप लावू नकोस, लपवू नकोस, आपल्यावर पाळत आहे असं त्याला वाटता कामा नये. फक्त हाताशी नको. बाराला दिवा बंद करायचा त्याने कबूल केलंय.

आता दादा, तुझ्याकडे मागणं. जिमवाल्याची नऊ हजारांची पावडर आणि महिन्यात दहा किलोचं आश्वासन नको. त्याच्या ९२ किलोंचे ७ टक्के म्हणजे साधारण साडेसहा किलो, तेही सहा महिन्यांत, इतकंच धरू. पंधरा दिवसांनी "काय फरक पडला?" असं विचारू नकोस. लंडनला ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एक नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले; कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही हेही त्यात दिसलं. तेव्हा एखाद्या दिवशी दोन वडापाव झाले तर होऊ देत.

आणि हत्ती म्हणू नकोस. मिनेसोटात शाळकरी मुलांचा पंधरा वर्षं पाठपुरावा करून पाहिलंय. वजनावरून ज्यांना चिडवलं जायचं, त्यांच्यात मोठेपणी स्थूलपणा आणि मन रमवायला खाणं, दोन्ही जास्त आढळलं. घरच्यांनी केलेली चेष्टाही त्यात आली. आपल्या जेवणाच्या टेबलावर ते मी भोगलंय आणि तू पाहिलंयस.

बोलण्याऐवजी रात्री जेवण झालं की त्याच्याबरोबर खाली उतर. वजनावर नको, क्रिकेटवर बोला. स्टेशनवरून रिक्षाऐवजी तो मित्राबरोबर चालत यायचं म्हणतोय, त्यामुळे उशीर झाला तर फोनवर फोन करू नका. डॉक्टरांकडून साखर, थायरॉइड आणि लिपिड एकदा तपासून घ्या. आणि एक लक्ष ठेवा: तो जेवण टाळायला लागला, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसायला लागला, किंवा दिवसातून तीन-चारदा वजन करायला लागला, तर सगळं थांबवून मला त्याच दिवशी कळवा. माझ्या वेळी कोणी लक्ष ठेवलं नव्हतं.

वजन तो स्वतः करेल, आठवड्यातून एकदा, आपल्या खोलीत. आकडा त्याचा आहे. तुम्हाला सांगावासा वाटला तर सांगेल.

रविवारी तुमच्या सकाळी साडेआठला फोन करते. आधी त्याच्याशी एकट्याशी बोलेन, मग तुमच्याशी. वहिनी, येणाऱ्या कोणाबरोबर मेतकूट पाठव. आणि एक काम कर. माळ्यावरच्या भांड्यांत माझा कॉलेजचा छोटा स्टीलचा डबा असेल, झाकणावर आईने माझं नाव घालून घेतलेला. मी दुसऱ्यांना वाटून रिकामा घरी आणायचे तोच. फुटाण्यांसाठी तो ओजसला दे.

तुमची,
सुमा