रास्ना पाठवणार नाही, तूच ये

नाशिक,
२० मे

प्रिय मीना,
सप्रेम नमस्कार.

हरसूलकडच्या जंगलातलं ऑर्किड बाल्कनीसाठी आण, असं लिहिलंस. नाही आणणार गं. रागावू नकोस, आधी ऐक.

तिकडे आंब्या-मोहांवर सध्या रास्ना फुललीय, म्हणजे वांडा टेसेलाटा हे झाडावर वाढणारं ऑर्किड. पाकळ्या पिवळट हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांची चौकडी, पाठ पांढरी आणि मधला ओठ निळा-जांभळा. जवळ गेलं की गोड वास येतो.

लोक तिला सरसकट बांडगूळ म्हणतात आणि झाड वाचवायला म्हणून ओरबाडून फेकतात. जीव तुटतो बघून. बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस ओढतं. रास्ना नुसती सालीला धरून असते. तिची जाड मुळं हवेत लोंबतात. कोरडी असली की पांढुरकी, चंदेरी. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर डोळ्यांदेखत हिरवी होतात! वरचा स्पंजासारखा थर पाणी पितो. त्या ओलीवर आणि जाड पानांवर ती उन्हाळा काढते.

खरी अडचण बियांची. एका बोंडात हजारो बिया, धुळीसारख्या, पण आत अन्नसाठा नाही. सालीवर नेमकी बुरशी भेटली तरच रुजायचं, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं. त्यामुळे जुना आंबा लाकडासाठी गेला की त्याच्यावरची सगळी वस्ती जाते, शेजारी लावलेलं कलम तिच्या काही उपयोगाचं नसतं. औषधासाठी मुळं काढणारे आहेत ते वेगळेच. साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानं ऑर्किडांच्या परदेशी व्यापारावर बंधनं आहेत, पण बांधावरचा आंबा त्यानं वाचत नाही. निदान आपण तरी एकही रोप उपटू नये, असं मला मनापासून वाटतं.

बाल्कनीसाठी नर्सरीतलं, प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप घे. छान फुलतं.

आणि पाऊस लागला की इकडेच ये. अंजनेरीला जाऊ. तिथे जमिनीवरची आमरी, म्हणजे ऑर्किडच, दाखवते, हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. एकच गोलसर पान भुईला चिकटलेलं, मधून देठ, वर पांढरी फुलं. पावसाळा सरला की ती जमिनीखाली कंद होऊन राहते, म्हणून तिथे पाऊल फार जपून टाकावं लागतं.

अंजनेरीसाठी नाशिकहून त्र्यंबकची एसटी मिळते. दुर्बीण मात्र आण, रास्ना बहुतेक उंच फांदीवर असते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैशाली