सरसाचा रंग

पॅरिस, रविवार रात्र

तीर्थरूप आप्पांना, सा. नमस्कार.

वि. वि. मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही म्हणालात, "अगं, मी कसला चित्रकार? नाटकाचे पडदे रंगवणारा पडदेवाला मी. सरस आणि भुकटी." आणि फोन आईकडे दिलात. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचलंय. पण फोनवर सांगायला घेतलं तर तुम्ही पुन्हा आईकडेच द्याल, म्हणून पत्र.

आज महिन्याचा पहिला रविवार, ऑर्से म्युझियमला तिकीट पडत नाही. तिथे पाच उंच पट्ट्यांवर काढलेली एक बाग आहे. बाकावर बसलेल्या दाया, खेळणाऱ्या मुली, एक लाल छत्री. लांबून बघितलं तर भिंतीला गालिचा टांगल्यासारखं वाटतं. जवळ गेले आणि थबकले. रंगाला चकाकीच नाही. कोरडा, खडूसारखा, प्रकाश गिळून बसलेला. असा रंग मी आपल्या माळ्यावर पाहिलाय, जंगलाच्या पडद्यावर. खालची पाटी वाचली तर तेच! तेलरंग नव्हेच, सरसाच्या चिकट पाण्यात कालवलेली रंगाची भुकटी.

चित्रकाराचं नाव एदुआर व्युइयार. जन्म १८६८चा. वडील लवकर गेले. आई घरातच शिवणकाम करायची, बायका कमरेला आवळून बांधायच्या त्या कॉर्सेटचं. (हे आईला वाचून दाखवा. घरभर कापडाचे तुकडे, टाचण्या आणि मापाला आलेल्या बायका, हे तिला वेगळं सांगायला नको.) ह्याने जन्मभर तेच घर रंगवलं. नक्षीदार भिंत, तिच्यापुढे नक्षीदार झग्यातली बाई, आणि भिंत कुठे संपते न् बाई कुठे सुरू होते ते कळू द्यायचं नाही. लग्न केलं नाही. आई १९२८ साली गेली तोवर तिच्याजवळच राहिला.

पण तुम्हाला सांगायची गोष्ट नाटकाची आहे. शाळेत त्याच्याबरोबर ल्युन्ये-पो नावाचा एक नाटकवेडा होता. पुढे तो नट झाला, आणि १८९३ साली दोघांनी, कामिय मोक्लेर नावाच्या लेखकाला बरोबर घेऊन, नाटक कंपनी काढली. नाव 'तेआत्र द लव्र'. लूव्र म्युझियम नव्हे हं. ह्या शब्दाचा अर्थ 'कृती', 'केलेलं काम'. व्युइयारने सहज एक पुस्तक उघडलं आणि जो शब्द समोर आला तो ठेवला असं सांगतात. खरं असो नसो, मला पटतं. कंपनीचं नाव ठरवायला बसलं की भांडणंच होतात, ते तुमच्याच तोंडून ऐकलंय.

पहिला प्रयोग नॉर्वेचा नाटककार इब्सेन ह्याच्या 'रोस्मरशोल्म'चा, ऑक्टोबर १८९३, बुफ द्यु नॉर थिएटरात. आप्पा, मी दर शनिवारी ह्या थिएटरावरून जाते! ला शापेल भागात आहे ते, आणि शेजारच्या गल्ल्यांत तमिळ लोकांची दुकानं आहेत. कढीपत्ता, तूरडाळ, शेवग्याच्या शेंगा तिथेच मिळतात. दोन वर्षं पिशवी घेऊन त्या दारावरून गेले आणि आत काय होऊन गेलं ते माहीत नव्हतं.

त्या नाटकाचा देखावा व्युइयारचा आणि कार्यक्रमपत्रिकाही त्याचीच. हा मनुष्य संध्याकाळी पडदे रंगवायचा आणि पत्रिकेसाठी दगडावर खडूने चित्र काढायचा. आपण ज्याला शिळाप्रेस म्हणतो ना, तेच. अक्षरंसुद्धा हातानेच, चित्रात अशी मिसळलेली की नटाचं नाव शोधावं लागतं. मोठा कागद मधोमध दुमडायचा. एका अर्ध्यावर चित्र, दुसऱ्यावर एखाद्या मासिकाची जाहिरात. जाहिरातीशिवाय नाटक तिथेही चालत नव्हतं. प्रेक्षक पत्रिका घडी करून खिशात घालत असतील, आज ती काचेखाली ठेवतात. त्याच डिसेंबरात हाउप्टमान ह्या जर्मन नाटककाराच्या नाटकाची पत्रिका त्याने केली, आणि नेमका त्या दिवसांत संसदेत बॉम्ब पडला. पोलिसांनी प्रयोगाला बंदी घातली.

हसूही झालं त्यांचं. एका नाटकात त्याच्या निळ्या-हिरव्या देखाव्यापुढे जाळीचं कापड सोडलं, नट त्यामागे मुके हातवारे करणार आणि शब्द खालून, वादकांच्या खड्ड्यातून म्हटले जाणार. बोलणं आणि हात जुळेनात. लोक हसले. मला हे वाचताना आपल्या जत्रेतला तो प्रयोग आठवला, पेटी एका सुरात आणि राजा दुसऱ्याच.

आता मुद्दा. पडद्याला तेलरंग परवडत नाही आणि वाळतही नाही, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच. तिथेही तेच. सरस पाण्यात भिजवायचा, मंद आचेवर वितळवायचा, भुकटी घालायची आणि गार व्हायच्या आत मारायचा. ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणजे वाळल्यावर काय दिसेल ते डोक्यात धरूनच कुंचला चालवायचा. सरस पातळ झाला तर रंग हाताला येतो, जाड झाला तर पडदा गुंडाळताना तडकतो. हे मी कुठल्या पुस्तकातून लिहीत नाही, तुमच्या शिव्यांतून लिहितेय.

हा रंग व्युइयारने नाटकातून उचलला आणि थेट श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेला. ती बाग १८९४ची, अलेक्साँद्र नातांसों नावाच्या गृहस्थाच्या घरासाठी नऊ पट्ट्या, त्यातल्या पाच ऑर्सेला. पुढे कंपनीचं काम सुटत गेलं, पण सरसाची भांडी सुटली नाहीत. म्हातारपणीही मोठी चित्रं तो सरसाच्या रंगानेच करायचा, थरावर थर. त्याला तेलरंग येत नव्हते असं नाही. त्याला ती चकाकीच नको होती.

१८९९ साली व्होलार नावाच्या व्यापाऱ्याने त्याच्या रंगीत शिळाछापांचा संच काढला, बारा छाप आणि वर वेष्टन. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यातल्या गुलाबी भिंतीच्या खोल्या बघितल्या की कळतं, हे डोकं पडदेवाल्याचं आहे. सपाट, मोजके रंग आणि खोलपणाचा भास नुसत्या नक्षीतून.

एक गंमत राहिलीच. ह्याच कंपनीने जानेवारी १८९५मध्ये कुठलं नाटक केलं असेल? मृच्छकटिक! शूद्रकाचं, फ्रेंचमध्ये. पत्रिका तुलूझ-लोत्रेक ह्या चित्रकाराची, हत्तीसकट. डिसेंबरात शाकुंतलसुद्धा. म्हणजे आपल्याकडे देवलांची वसंतसेना गात होती तेव्हा इथेही एक वसंतसेना रंग लावत होती. तिचा पडदा कसा होता ते बघायला मी काहीही दिलं असतं. पुढच्या वर्षी 'उब्यु र्वा' नावाचं धिंगाणा नाटक झालं, त्याचा पडदा व्युइयार, बोनार, लोत्रेक अशा बऱ्याच जणांनी मिळून रंगवला. एकाच पडद्यावर पलंग, बर्फ, ताडाची झाडं आणि शेकोटी. तुमच्याकडे कुणी रस्ता आणि महाल एकत्र मागितला असता तर तुम्ही त्याला हाकललं असतं.

पुढचं थोडक्यात. मोठा झाला, थिएटरांच्या भिंती रंगवल्या, १९१३ साली शाँझेलिझेच्या नव्या थिएटरात आणि १९३७ साली शायोच्या थिएटरात. १९४०च्या जूनमध्ये जर्मन आले, लोक पॅरिस सोडून पळत होते, त्या पळापळीत समुद्रकाठच्या 'ला बोल' नावाच्या गावी वारला.

आप्पा, एक काम आहे. माळ्यावरचे तिन्ही पडदे, रस्ता, जंगल आणि दरबार, दादाला खाली काढू देऊ नका. तो गच्चीवर धुवायला नेईल. पाणी लागलं की सगळं उतरेल, तुम्हाला माहीतच आहे, पण त्याला नाही. मी दिवाळीत येतेय, तेव्हा आपण दोघं उलगडू. आणि सरसात तुम्ही तुरटी घालायचात की नाही ते आठवून ठेवा. आई म्हणते घालायचात, मला मोरचूद आठवतंय.

आईला नमस्कार. तिने मागितलेल्या सुया घेतल्यात.

तुमची,
सुमी