कर्जाचे सत्तर हप्ते, रविवारचे सहा आणि ताईंना जाहीर थँक्यू

ताई,

नाव लिहायचं नाही असं बजावलंय तुम्ही, म्हणून नुसतं ताई. इथे लंडनशेजारच्या स्लाऊमधल्या आपल्या लोकांना वाचून कळेलच कोण ते, आणि माझं नाव कळलं तर कळू दे, लपवायचा कंटाळा आलाय आता.

पहिलं थँक्यू, तुम्ही मला पैसे दिले नाहीत त्याबद्दल. खरंच. 2019 चा जानेवारी, भाडं थकलेलं, आणि मी तुम्हाला फोन करून 200 पाउंड हातउसने मागितले. ओळख काय होती आपली, गणपतीच्या हॉलवर महाप्रसादाची पातेली एकत्र घासली होती तेवढीच. एवढ्याशा ओळखीच्या माणसाकडे मागितले कारण जवळच्या सगळ्यांचे घेऊन झाले होते. तुम्ही दोन सेकंद गप्प बसलात आणि विचारलंत, "न उघडलेली पाकिटं किती आहेत घरात?" माझ्या पायाखालची जमीनच सरकली, कारण बूट ठेवायच्या कपाटात मागच्या बाजूला सुपरमार्केटची एक मोठी पिशवी होती, काठोकाठ भरलेली, आणि तिच्याबद्दल माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. मग म्हणालात, "पैसे देणार नाही. शनिवारी येते. पण त्याआधी घरी सांग, ती घरात नसताना मी पाऊल टाकणार नाही."

तीन दिवस लागले मला सांगायला. एका कागदावर सगळी कार्डं लिहिली, ओव्हरड्राफ्ट लिहिला, लोन लिहिलं, खाली 19,900 अशी बेरीज मारली आणि तो कागद तिच्यापुढे ठेवून मी चक्क भांडी घासायला गेलो. रडेल, ओरडेल, काहीतरी होईल म्हणून पाठमोरा उभा. पाच मिनिटांनी आवाज आला, "बेरीज चुकलीये तुझी. 21,400 होतायत." दोन दिवस एवढंच बोलली ती माझ्याशी.

कर्ज कसं झालं ते सांगण्यात काही मजा नाही, सगळ्यांचं थोडंफार सारखंच असतं. बाबांच्या बायपासला घाईत काढलेली तिकिटं, मग चार महिने काँट्रॅक्ट नाही, मग बहिणीचं लग्न, ऋण काढून सण म्हणतात ते अक्षरशः. आणि गावाकडे कोणाला वाटू नये की लंडनला जाऊन ह्याचं काही होत नाही (स्लाऊ म्हणजे लंडन हे साताऱ्यात ठरलेलंच आहे). त्यात ते शून्य टक्क्यांचं बॅलन्स ट्रान्सफर, एका कार्डाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, दर वेळी वर तीन टक्के फी, आणि मला वाटायचं मी केवढा हुशार. आई म्हणायची सगळी सोंगं आणता येतात पैशाचं आणता येत नाही. येतं की, क्रेडिट कार्ड असलं की पाच सहा वर्षं आरामात येतं.

तर तो शनिवार. तुम्ही डब्यातून पोहे आणले होते आणि आधी खायला लावलंत, उपाशीपोटी कर्ज मोजू नये म्हणालात. मग पिशवी टेबलावर उलटी केली. आमच्याकडची कांदा कापायची बोथट सुरी घेऊन तुम्ही एकेक पाकीट फाडत होतात, वाचत नव्हतात, फक्त तारीख बघायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचं. डावीकडे भाडं, काउन्सिल टॅक्स (म्हणजे इथली घरपट्टी), गॅस, वीज. उजवीकडे कार्डं, लोन, कॅटलॉगवरून उधारीत घेतलेल्या वस्तू. उजवीकडचा ढीग हा एवढा मोठा आणि डावीकडे फक्त सात कागद, आणि तुम्ही त्या सातांवर हात ठेवून म्हणालात, "घाबरायचं तर ह्यांना घाबर. घर जाईल, वीज जाईल ते ह्यांच्यामुळे. ते उजवीकडचे नुसते आवाज मोठा करतात." आणि मी इतकी वर्षं नेमकं उलटं करत होतो, जो जास्त फोन करतो त्याला आधी भरत होतो. काउन्सिलवाले फोन करत नाहीत, ते पत्रं पाठवतात, मग कोर्टातून ऑर्डर आणतात आणि मग बेलिफ येतो, जप्तीवाला. कार्डाचा तगादा लावणारा साधा वसुलीवाला मात्र दारात आला तरी त्याला आत घ्यायचं बंधन नाही, हे मला त्या दिवशी कळलं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

दुसरी गोष्ट तुम्ही तिथल्या तिथे करायला लावलीत ती म्हणजे नवीन बँकेत साधं खातं. पगार जिथे जमा होत होता त्याच बँकेचा ओव्हरड्राफ्ट आणि त्याच बँकेचं एक कार्ड. म्हणालात, हप्ता थांबला की बँक तुझा पगार वळता करून घेऊ शकते, मग तू काय खाणार. हे मला कुठल्या पत्रात कोणी लिहून पाठवलं नव्हतं.

मग आला प्लॅन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेट मॅनेजमेंट प्लॅन म्हणजे काय तर उत्पन्नातून आधी घरखर्च काढायचा, खरा घरखर्च, जेवण, बस, मुलाचे शाळेचे बूट सगळं धरून, आणि उरेल ती रक्कम महिन्यातून एकदा एकाच ठिकाणी भरायची, तिथून ती प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कर्जाच्या प्रमाणात वाटली जाते. कायद्याचा शिक्का नाही त्यावर, व्याज थांबवायला कोणी बांधीलही नाही, पण बरेच जण थांबवतात. मी त्याआधी एका कंपनीशी फोनवर बोललो होतो, गोड बोलणारी माणसं, दर महिन्याच्या हप्त्यातून आधी त्यांची फी कापणार आणि उरलेलं कर्जाला. जवळजवळ सही केली होती. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. स्टेपचेंजसारख्या संस्था हेच काम फुकट करतात, एक पेनी घेत नाहीत, माझा तर विश्वासच बसेना, आपल्याला फुकट म्हटलं की आधी संशय येतो.

घरखर्चाचा फॉर्म भरताना मी जेवणाच्या खान्यात इतका कमी आकडा लिहिला की तुम्ही हसलात. "असं दोन महिने जगशील, तिसऱ्या महिन्यात प्लॅन मोडशील. माझा मोडलाय." तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुम्ही स्वतःच प्लॅनवर आहात, चौथं वर्ष, आणि तेही दुसऱ्या प्रयत्नात. मग पर्समधून ती तुमची लाल वही काढून माझ्यापुढे ठेवलीत. स्वतःचा पगार, स्वतःचं कर्ज, सगळे आकडे उघडे. आपल्यात कोण दाखवतं हो असं? पगार विचारला तर माणसं विषय बदलतात.

हप्ता ठरला 215. एप्रिल 2019 पासून. सगळ्यात मोठ्या कार्डाच्या वाट्याला 62 पाउंड आणि त्या 480 च्या कॅटलॉगला 4 पाउंड 82 पेन्स. मला लाज वाटत होती एवढी कमी रक्कम जाताना. तुम्ही म्हणालात, लाज ठेव बाजूला, जातायत ना दर महिन्याला. आणि डिफॉल्टच्या, म्हणजे कर्ज थकवल्याची नोंद करणाऱ्या, नोटिसा यायला लागल्या तेव्हा मी रात्री साडेअकराला फोन केला, संपलं सगळं म्हणून, आणि तुम्ही झोपेतून उठून सांगितलंत की पडायचाच असेल तर लवकर पडलेला बरा, डिफॉल्टच्या तारखेपासून सहा वर्षांनी तो क्रेडिट फाइलवरून, आपल्या उधारीच्या नोंदवहीतून, जातो, कर्ज तोवर फिटो न फिटो. नुसतं अरेंजमेंट, म्हणजे ठरवून कमी भरतोय अशी नोंद, म्हणून लोंबकळत राहिलं तर फिटल्यावरही वर्षानुवर्षं दिसत राहतं. वाईट बातमीत हे असलं शहाणपण असतं हे त्यातून गेलेल्यालाच माहीत.

रविवारी संध्याकाळी सहाचा फोन. दहा बारा मिनिटं, जास्त नाही. तुमचे तीन प्रश्न. पाकिटं आली का, उघडली का, डब्यात किती. तो डबा म्हणजे इंडियन दुकानातल्या श्रीखंडाचा रिकामा डबा, तुम्हीच दिलेला. काउन्सिल टॅक्सचे हप्ते सहसा दहाच असतात, एप्रिल ते जानेवारी, फेब्रुवारी मार्च काही जात नाही, ते 280 पाउंड खर्चून न टाकता डब्यात टाकायचे ही युक्ती तुमची. 2020 च्या मार्चमध्ये गाडी एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, नापास झाली, एक्झॉस्ट आणि दोन टायर, 230 पाउंड, आणि मी गॅरेजच्या काउंटरवर नोटा मोजून दिल्या. कार्ड नाही घासलं. ह्या देशात आल्यापासून पहिल्यांदा. त्या माणसाला काय कळणार, तो आपला किल्ली देऊन मोकळा झाला, मी गाडीत बसून पाच मिनिटं निघालोच नाही.

भावाचं मात्र जुळलं नाही. गावाला पाठवायचे पैसे निम्मे केले तेव्हा तो वर्षभर नीट बोलला नाही, अजूनही थोडं आहेच. ह्यावर तुमच्याकडेही उत्तर नव्हतं आणि तुम्ही उगाच काढून दिलं नाहीत, बरं केलंत.

आणि ती 2021 ची दिवाळी. पोराला साठ पाउंडाचे बूट तीन हप्त्यांत घेतले, ते आता घ्या नंतर भरा वालं, आणि तीन रविवार तुमच्यापासून लपवलं. चौथ्या रविवारी तुम्ही विचारलंत, आवाज असा का येतोय. सांगितलं. ओरडाल वाटलं होतं. तुम्ही तुमचा पहिला प्लॅन कसा मोडला ते सांगितलंत, सोफ्यासाठी, साध्या करड्या सोफ्यासाठी, पाहुणे येणार होते म्हणून. मग म्हणालात, "बूट घालू दे त्याला. ते हप्ते वहीत लिही आणि पुढच्या रविवारी मला आकडा सांग." सल्लागारांनी मला खूप चांगली माहिती दिली, खोटं नाही बोलणार, पण सोफ्याची गोष्ट सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

पगार वाढला तेव्हा मी जोशात सगळी वाढ प्लॅनला लावायला निघालो होतो, तेव्हाही तुम्हीच लगाम ओढलात. दोन वर्षांनी 300, अजून दोन वर्षांनी 420. तोवर आपला दोघांचा फोन पाच जणांचा झाला होता. तो डिलिव्हरीवाला पोरगा आठवतोय ना, वसुलीच्या फोनला घाबरून सिम काढून फिरायचा? त्याला ब्रीदिंग स्पेसचे 60 दिवस मिळाले तेव्हा, हे सल्लागारामार्फत मिळतात आणि तेवढ्या काळात तगादा आणि व्याज बरंचसं थांबतं, तर तेव्हा त्याची पाकिटं उघडायला तुम्ही मला पाठवलंत. मी सुरी घेऊन गेलो होतो. पोहे बायकोने करून दिले.

सत्तरावा हप्ता 2025 च्या जानेवारीत गेला. एकूण 21,600. वरचे 200 त्या एका कार्डवाल्याने व्याज थांबवायला दोन महिने लावले त्याचे. शून्य बॅलन्सचं पत्र आलं तेव्हा तुम्हाला फोन केला, तुम्ही हॉस्पिटलात वॉर्डवर होतात, मागे कोणाची तरी बेल वाजत होती. म्हणालात, "बरं झालं रे. डब्यात किती?"

340 आहेत.

ता.क. सगळे डिफॉल्ट ऑगस्टमध्ये फाइलवरून गेले, एक अजून दिसतोय. त्या शहाण्याने तारीख आठ महिने उशिराची टाकलीये. 2019 चं त्यांचं पत्र माझ्याकडे आहे, जपून ठेवलंय. तक्रारीत काय काय लिहायचं ते रविवारी सांगा, सहाला करतो.