आनंद करा, पण आधी रडून घे

प्रिय सुहास,
सप्रेम सलाम.

तुझा परवाचा मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला. नोकरी जाऊन आठ महिने झाले, बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि त्यात चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वचन पाठवलं. तू विचारलंस, "मला आनंद होत नाही, म्हणजे माझा विश्वासच उरला नाही का?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ते वचन ज्या पत्रातलं आहे ते आधी सबंध वाच. बायबलच्या नव्या करारातल्या या फिलिप्पैकरांस पत्रात चारच अध्याय आणि 104 वचनं आहेत. सावकाश वाचलंस तरी वीस मिनिटं लागतील. मूळ ग्रीकमध्ये आनंदाचे शब्द त्यात सोळा वेळा येतात. ते लिहिणारा प्रेषित पौल कैदेत होता आणि आपण जगणार की मरणार हे त्याला ठाऊक नव्हतं. वाचताना पेन्सिल घे आणि दुःखाच्या जागांवरही खुणा कर. दुसऱ्या अध्यायाच्या 27 व्या वचनात तो सांगतो की फिलिप्पैहून आलेला त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला होता, आणि देवाने दया केली नसती तर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्या अध्यायाच्या 18 व्या वचनात तो रडत रडत लिहितोय. एवढं सगळं झाल्यावर चौथ्या अध्यायात 'सर्वदा आनंद करा' येतं. तुला आलेल्या मेसेजमध्ये तेवढंच वचन होतं, आधीचं रडणं गळून गेलं होतं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (6:10) पौल स्वतःला दुःखी आणि तरीही सर्वदा आनंद करणारा म्हणवतो. एक संपल्यावर दुसरं सुरू होतं असं तो म्हणत नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसात.

आता हे पत्र ज्या गावी गेलं त्या गावाकडे बघ. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. फिलिप्पैमध्ये पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्या मारल्या, आतल्या तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्रीच्या सुमारास ते प्रार्थना करत होते, गीतं गात होते. क्रम नीट पाहा. भूकंप नंतर झाला, दारं नंतर उघडली. तुरुंगाधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या त्याही नंतर, 33 व्या वचनात. म्हणजे गाताना पाठीवरचं रक्तही पुसलेलं नव्हतं. तरी गाण्यात ताकद होती, कारण वेदना लपवून ते गात नव्हते.

तर मग करायचं काय? पहिली गोष्ट झोप आणि जेवण. यात अध्यात्म कमी आहे असं समजू नकोस. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, 'ऊठ, खा' म्हणतो. भाकर, पाण्याची सुरई, पुन्हा झोप, पुन्हा खाणं. असं दोनदा होतं. मग चाळीस दिवसांची वाट, आणि देवाची ती मंद वाणी त्याच्याही नंतर. तू डायलिसिसच्या दिवशी दुपारी जेवत नाहीस, हे आधी थांबव. डबा ने.

दुसरी गोष्ट विलाप. स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 घे, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' चार वेळा येतं. पुढच्या दोनांत मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा व गाणं. हाच साचा वापरून वहीत स्वतःचं लिही. चार 'कोठवर', नावानिशी. 'कोठवर माझे कष्ट' असं मोघम नको. 'कोठवर प्रत्येक मुलाखतीनंतर शांतता', 'कोठवर बाबांच्या हातावरच्या सुया' असं. मग एक किंवा दोन मागण्या, त्याहून जास्त नकोत. शेवटी देवाने मागे केलेली एक गोष्ट, जी तुला नक्की माहीत आहे. दहा मिनिटं पुरतात, आणि बाबा मशीनवर असतात त्या चार तासांत ती मिळतात.

इथे बहुतेक जण चुकतात. तक्रार देवाविषयी करतात, देवाला करत नाहीत. स्तोत्रात वाक्य थेट त्याच्याशी आहे: तू मला कोठवर विसरणार? संबोधन बदललं की तेच शब्द कुढणं होतात. दुसरी चूक म्हणजे शेवटच्या दोन वचनांची घाई. ज्या दिवशी ती मनातून येत नाहीत, त्या दिवशी लिहू नकोस. स्तोत्र 88 उघडून बघ, ते अंधारातच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस, एवढंच.

तिसरं, उपकारस्तुती. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (5:18) 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे. स्थितीत. स्थितीबद्दल नव्हे. नोकरी गेली याबद्दल आभार मान, असं पौल तुला सांगत नाही. रोज रात्री तीन गोष्टी लिही, तारखेसह, आणि लहानात लहान: आज सुई पहिल्याच वेळी लागली, शेजारच्या काकूंनी आमटी दिली, बाबा स्वतःहून बोलले. ग्रीकमध्ये आनंद, कृपा आणि उपकारस्तुती हे तिन्ही शब्द एकाच मुळातून येतात, त्यामुळे वही भरत जाते तसं तुझं लक्ष कृपेकडे वळू लागेल. आठवडाभरात काही वाटलं नाही तर निराश होऊ नकोस. पौलसुद्धा फिलिप्पैकरांस पत्रात (4:11) संतुष्ट राहायला 'शिकलो' म्हणतो. शिकायला वेळ लागतो.

चौथं: गा. मोठ्याने. घरी लाज वाटत असेल तर गाडीवरून जाताना. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं रेव्ह. ना. वा. टिळकांचं एखादं गीत घे, जे तोंडपाठ आहे आणि ज्याची चाल जिभेवर आहे. नवं शिकायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. रडू आलं तर गाणं थांबव, मग पुढच्या कडव्यापासून उचल.

आणि मदत घे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पौलाकडे मदत पाठवली (4:18), त्याआधी थेस्सलनीकेतही एकदा नव्हे, दोनदा पाठवली होती. पौल म्हणतो, तुम्हाला माझी काळजी वाटली याचा मला प्रभूमध्ये मोठा आनंद झाला. मदत स्वीकारणं हाही त्याच्या आनंदाचा भाग होता. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना नेमकं काम दे: मंगळवारी सेंटरवरून आणायला यायचं, किंवा महिन्याचं किराणा सामान आणायचं.

विश्वास कमी पडला म्हणून हे घडलं असं कुणी म्हटलं, तर बायबलमधल्या संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांची आठवण ठेव. सात दिवस, सात रात्री ते गप्प बसले तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि चुकले, आणि शेवटी (42:7) देवाने त्यांनाच दोष दिला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. सलग दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना, किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर वहीवर विसंबू नकोस. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मरणाचा विचार आला तर मला त्याच रात्री फोन कर, कितीही वाजले असोत. गोळी घेतल्याने प्रार्थना खोटी होत नाही.

पंडिता रमाबाईंचं शेवटचं वर्ष तुला माहीत आहेच. जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः. मधल्या महिन्यांतही पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांचा आनंद कसा दिसत असेल, याचा विचार करताना मला हसरा चेहरा दिसत नाही, टेबलावरचे कागद दिसतात.

गुरुवारी बाबांसोबत मी बसतो. सकाळी सातला येतो, फाईल आणि औषधांची यादी दारापाशी काढून ठेव. तू घरी झोप. येताना वही आणायला सांगणार नाही, ती तुझी आणि प्रभूची.

तुझाच,
प्रकाश