जाड मैत्री, घट्ट जंगल

महोदय,

'मराठी माध्यमामुळे मुलांना इंग्रजीतले अवघड शब्द येत नाहीत' अशी तक्रार करणारे एका पालकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. तासगाव तालुक्यात अठ्ठावीस वर्षे मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीच शिकवले, त्यामुळे तो बाण मलाच लागला. उत्तर मात्र व्हिएतनामवरून वळसा घालून देते आहे, सांभाळून घ्यावे.

माझा भाचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. राजापुरी हळकुंडं व्हिएतनामला पाठवता पाठवता तो तिकडची दालचिनी मागवू लागला. समोरच्या कंपनीत पत्रव्यवहार बघणारी मुलगी येन बाईची. (हे दालचिनीच्या डोंगराळ मुलखाचे नाव आहे. आमच्या घरी मात्र तिला 'येनबाई' हेच नाव पडले.) एका दुपारी भाचा मोबाईल घेऊन घाबराघुबरा आला. "आत्या, तीन पोती कमी भरली तर ही म्हणते आम्ही उद्ध्वस्त झालो! बुडाली की काय कंपनी?"

शब्द होता 'डिव्हास्टेटेड'. तिच्या वहीत डावीकडे हा शब्द आणि उजवीकडे त्यांच्या भाषेत एकच अर्थ होता, 'फार वाईट वाटणे'. तेवढ्यावर तिने तो वापरला.

मला हसू आले, पण ते टिकले नाही. त्याच आठवड्यात शेजारची मुलगी तिचा निबंध दाखवायला आली होती. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका क्लासने तिला तीन हजार शब्दांची पुस्तिका पाठ करायला दिली आहे. तिने लिहिले होते, 'माझी आजी फार ऑब्सोलीट आहे.' का, तर पुस्तिकेत ऑब्सोलीट म्हणजे 'जुना'. (खरा अर्थ, वापरातून बाद झालेला.) आजी शेजारीच गवार मोडत बसली होती, तिला मी अर्थ सांगितला नाही.

तेव्हापासून येनबाईशी माझी दर रविवारी अर्धा तास व्हिडिओवर शिकवणी चालते. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे माझा सकाळचा चहा व्हायच्या आत ती तयार. तिला परदेशात शिकायला जायचे आहे, त्यासाठी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. त्या परीक्षेत निबंधाच्या गुणांपैकी पाव हिस्सा शब्दसंपदेचा असतो, म्हणून हा सगळा भारी शब्दांचा सोस.

तिच्या अडचणी आपल्या मुलांहून खूप वेगळ्या आहेत. त्यांच्या भाषेत शब्दाचे रूप बदलत नाही. काळ बदला, वचन बदला, शब्द जिथल्या तिथे. 'ठरवणे'चा 'निर्णय' करायचा तर क्रियापदाच्या आधी 'सु' असा एक वेगळा शब्द ठेवतात, की झाले. त्यामुळे डिसाइड, डिसिजन, डिसाइसिव्ह हे तिला तीन परके वाटतात. आपले पोर मात्र ठरव, ठराव, ठरावीक हे न शिकवता बोलते. दुसरे म्हणजे त्यांच्याकडे शब्दाच्या शेवटी 'स', 'झ', 'ल' येतच नाहीत. फोनवर तिचे प्राइस आणि प्राइझ दोन्ही 'प्राय' असे ऐकू यायचे. भाव सांगताना हे परवडत नाही.

त्यांची लिपी मात्र रोमन. जेझुइट पाद्री आलेक्सांद्र द रोड याने 1651 साली रोममध्ये त्यांच्या भाषेचा कोश छापला, त्याच वळणाची लिपी पुढे फ्रेंच अमलात देशभर रुजली. आपल्याकडेही फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात रोमन अक्षरांतच छापले गेले होते. तो जेझुइटच, आणि वर इंग्रज. आपल्याकडे ते वळण रुजले नाही, नाहीतर हे पत्रही मी एबीसीडीत लिहीत असते.

आता मूळ मुद्दा. एका रविवारी तिने 'सायकॉलॉजी' शब्द काढला. मी विचारले, तुमच्यात काय म्हणतात? म्हणाली, 'ताम ली होक'. ताम म्हणजे मन, ली म्हणजे तत्त्व, होक म्हणजे विद्या, आणि तिन्ही शब्द जुन्या चिनीतून आलेले. मी कागदावर लिहिले: मानस, शास्त्र. मग बायोलॉजी: सिन्ह होक, जीवशास्त्र. मग इनजस्टिस: बत कोंग, अन्याय. 'बत' म्हणजे आपला 'अ'. इंग्रजीने ग्रीक-लॅटिनकडून उसने घेतले, त्यांनी चिनीकडून, आपण संस्कृतकडून, आणि जोडायची रीत तिघांची जवळजवळ एकच. त्या दिवशी आमचा अर्धा तास दोन तासांवर गेला. दूध उतू गेले.

भाषेच्या अभ्यासक आव्हेरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय इंग्रजीतल्या नेहमी लागणाऱ्या शब्दांची यादी केली. तिच्यात 570 शब्दकुळे (डिसाइड, डिसिजनसारखे एका मुळाचे गट) आहेत आणि अभ्यासाच्या मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा तेवढ्यांनी व्यापतो. त्यातले बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन वळणाचे. आठवी-नववीच्या मराठी पुस्तकांत 'संकल्पना', 'गृहीतक', 'परिणाम', 'विश्लेषण' वाचणाऱ्या मुलाला त्यातला अर्थ आधीच ठाऊक असतो, फक्त इंग्रजी नाव जोडून द्यायचे राहते. ते आम्ही शिक्षकांनी नीट जोडून दिले नाही, हा दोष मला कबूल आहे. माध्यमाला दोष देणे मला मान्य नाही.

आणि शब्द शिकायचा तो त्याच्या सोबत्यांसकट. हे तिला पटवायला मी मराठीच वापरली. इंग्रजीत सगळेच 'थिक'. आपल्याकडे पुस्तक जाड, वरण घट्ट, जंगल दाट, मैत्रीही दाट. मग तिला विचारले, जाड मैत्री आणि घट्ट जंगल म्हटले तर काय होईल? ती हसून म्हणाली, "डिव्हास्टेटेड होईल."

आपल्या विद्यार्थी पानावर रोज एक शब्द देता, त्यापुढे एकच अर्थ असतो. त्याऐवजी आठवड्याला एकच शब्द द्या, पण तो कुठे शोभतो, कुठे नाही, मूळ कुठले आणि मराठीत त्याचा सख्खा भाऊ कोण, एवढे सांगा. लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

गेल्या महिन्यात पुन्हा दोन पोती कमी भरली. या वेळी तिचे पत्र दोन ओळींचे आले: दोन पोती कमी आहेत, कृपया तपासून कळवावे. भाच्याने वाचले आणि म्हणाला, "आत्या, आधीची पत्रं वाचायला जास्त मजा यायची."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली