बॉयलरवाले काका, तुमच्या त्या 40 किलोकॅलरींबद्दल

काका, सा. न.

परवा निकाल लागला. थर्मोडायनॅमिक्स सुटला. पेढे घेऊन येणारच आहे, पण समोर आलो की 'काय काका, बरे मां?' यापुढे माझी गाडी जात नाही, म्हणून लिहून टाकतो.

दोन वर्षं एन्थाल्पी म्हटलं की पोटात गोळा यायचा. कॉलेजात सरांना विचारलं, या एचचा, म्हणजे एन्थाल्पीचा, अर्थ काय? 'यू अधिक पीव्ही. लिहून घे, अर्थ पेपरात विचारत नाहीत.' सगळा वर्ग हसला. क्लासवाल्यांनी भरपूर फी घेऊन सांगितलं, 'पदार्थात साठवलेली उष्णता.' उष्णता काय कणगीतलं भात आहे, साठवून ठेवायला?

आणि वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात, सुट्टीतल्या कामावर, तुम्ही विचारलंत, 'गणपतीक येताना दिवा पॅसेंजरात घुसलंस कधी? आत शिरूचा तर आधी उभ्या माणसांका रेटूक लागता. वाफेचा तसाच.' किलोभर पाण्याची वाफ झाली की तिला 1673 लिटर जागा लागते, आणि त्या जागेत हवा आधीच उभी असते. आतली ऊर्जा आणि हवेला रेटून जागा करण्याचा खर्च, दोन्ही मिळून एच. भांडं घट्ट बंद असेल तर रेटायला कुणी नाही, तो खर्चही नाही.

मग गिरणीच्या दिवसांतलं ते तेलकट स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या आकड्यांचं कोष्टक, काढलंत. त्यात एन्थाल्पी हा शब्दच नाही, 'टोटल हीट' लिहिलेलं, तेही किलोकॅलरीत. कानावरची पेन्सिल माझ्या हातात दिलीत. 'तूच कर.' हवेचा दाब 10332 (दर चौरस मीटरला किलोत), गुणिले वाफेची जागा 1.673 (घनमीटरात), भागिले 427 (एका किलोकॅलरीतले किलोग्रॅम-मीटर).

मी दोनदा चुकलो. तेव्हा तुम्ही पाठ फिरवून काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघत राहिलात. पातळी ठीक होती काका, मलाही दिसत होती. माझी खाडाखोड कुणी बघू नये म्हणून तुम्ही तिकडे वळलात. वर, न वळताच, 'माका पन वरीसभर समाजला नाय हुता.'

तिसऱ्यांदा उत्तर आलं, 40 आणि वर थोडं. वाफेला लागणाऱ्या 539 किलोकॅलरींपैकी एवढ्या नुसत्या जागा करण्यात गेल्या! मी ओरडलोच.

शिकवणारे खूप भेटले. चुकणाऱ्याला आडोसा देणारे फार थोडे, आणि त्यांतल्या एकाच्याही दारावर पाटी नव्हती. गिरणी बंद पडून गावी आलेल्या माणसाने मला जे दिलं त्याची पावती कुठे फाडणार?

एक अजून अडलंय. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून वाफ गेली की दाब उतरतो, तरी एन्थाल्पी तेवढीच राहते म्हणतात. ते कसं? रविवारी येतो. वही माझी, पेन्सिल तुमचीच, ती अजून माझ्याकडे आहे.