काकू, आईला होटेल द पॅरिस दाखवलंत, त्याबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

आई सांगलीला सुखरूप पोहोचली. आल्यागेल्याला ती अमेरिकेतलं सांगते ते कोलोरॅडोतल्या जॉर्जटाउनच्या, आता संग्रहालय झालेल्या त्या जुन्या हॉटेलबद्दल. याचं श्रेय तुमचं. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते इथल्या आपल्या माणसांनाही कळायला हवं.

आईवडील आले की आपण त्यांना गाडीत घालून फिरवतो, "छान आहे ना?" म्हणतो आणि पुढं निघतो. तुम्ही आईचा हात धरून खोलीखोलीत थांबलात. गाइडबाईंचं एकही वाक्य गाळलं नाहीत आणि आईचे प्रश्नही त्यांना जसेच्या तसे विचारलेत. गुडघ्यांमुळे ती जिन्यापाशी अडली, तेव्हा खुर्ची मागून घेतलीत.

ते हॉटेल काढणाऱ्या लुई द्यूपुईची गोष्ट मी आधी वाचली होती, पण ती कळली तुमच्या तोंडून. फ्रान्समधल्या आलाँसाँचा हा माणूस. मूळ नाव आदोल्फ फ्रान्स्वा जेरार. अमेरिकी सैन्यातून पळाला, नाव बदललं आणि चांदीच्या खाणीत मजुरी करू लागला. 1873 मध्ये सुरुंगाच्या स्फोटात जबर जखमी झाला. "मग हॉटेलला पैसे कुठून आणले?" आईनं लगेच विचारलं. गावानं वर्गणी काढली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या पैशांवर त्यानं एक बेकरी भाड्यानं घेतली आणि 1875 मध्ये तिथंच हॉटेल उघडलं. साडेआठ हजार फुटांवरच्या, डोंगरांनी वेढलेल्या खाणगावात फ्रेंच जेवण!

आईनं जन्मभर खाणावळ चालवली. त्यामुळे जेवणघरातल्या अक्रोड आणि मेपलच्या आलटून-पालटून बसवलेल्या फळ्या, मधलं कारंजं हे सगळं तिनं पाहिलं खरं, पण रमली ती स्वयंपाकघरात. लोखंडी चुलीसमोर उभी राहून विचारत राहिली : राख कुठून काढायचे, भांडी कोण घासायचं, पाणी कुठून यायचं? तुम्ही एकेक प्रश्न गाइडबाईंपुढं ठेवत गेलात. त्याही रंगल्या. दोन देशांतल्या दोन बायका चुलीवर बोलत होत्या आणि मधे तुम्ही. मी नुसती बघत होते.

सोफी गालीचं तर आई अजून बोलते. हॉटेलचं घरकाम बघणारी ही बाई. 1900 मध्ये लुई न्यूमोनियानं गेला आणि हॉटेल तिच्या नावे करून गेला. काही महिन्यांत तीही गेली. दोघांना शेजारी शेजारी पुरलंय. "राबणाऱ्या बाईच्या नावावर घर केलं त्यानं," आई म्हणाली. तिच्या नावावर खाणावळ कधीच नव्हती, हे तुम्हाला तिनं परतताना गाडीत सांगितलं. मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

1954 मध्ये कोलोनियल डेम्स या महिलांच्या संस्थेनं ती वास्तू घेतली, म्हणून ते सामान आज जागेवर दिसतं. त्यांचेही उपकारच. पण माझ्या आईपर्यंत ते पोहोचवलंत तुम्ही.

पुढच्या उन्हाळ्यात आई परत येतेय. जॉर्जटाउनहून शेजारच्या सिल्व्हर प्लूम गावाला डोंगरातून वळणं घेत जाणाऱ्या 'लूप' रेल्वेत तिला तुमच्या शेजारी बसायचंय. तिकिटं मी काढणार, तेवढं मात्र ऐकायचं.

तुमची,
शेजारची लेक